कांगारूच्या पिशवीत हात घालण्याआधी: वस्तीने मिळून करायची तयारी

मेलबर्नच्या उत्तरेला मर्न्डा, साउथ मोरँगच्या बाजूला राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना कांगारूचं अप्रूप पहिल्या महिनाभरातच ओसरतं. संध्याकाळी मैदानात चरणारा कळप रोजचाच होतो आणि सकाळी रस्त्याकडेला पडलेला कांगारूही रोजचाच होतो. गाड्या हळहळून पुढे जातात. त्या पडलेल्या जनावरांत मादी असली, तर तिच्या पिशवीत जिवंत पिल्लू असण्याची शक्यता बरीच असते. आई गेल्यावरही ते कित्येक तास, कधी एखाद-दोन दिवससुद्धा तग धरतं. तेवढ्या वेळात कोणीतरी थांबायला हवं, आणि थांबणाऱ्याला काय करायचं ते माहीत हवं. एकट्यादुकट्याने हे होत नाही, गल्लीतली पाच-सहा घरं मिळून मात्र सहज होतं.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. तुमचं काम पिल्लू वाढवायचं नाही. सगळ्या राज्यांत कांगारूला कायद्याचं संरक्षण आहे. व्हिक्टोरियात १९७५चा वन्यजीव कायदा लागू होतो, न्यू साउथ वेल्समध्ये २०१६चा जैवविविधता संवर्धन कायदा, क्वीन्सलँडमध्ये १९९२चा निसर्ग संवर्धन कायदा. परवान्याशिवाय घरी ठेवणं गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. जखमी प्राणी उचलून लवकरात लवकर पशुवैद्याकडे किंवा परवानाधारक संगोपकाकडे, म्हणजे अनाथ वन्यप्राणी वाढवणाऱ्या माणसाकडे, पोचवण्याची मुभा असते. वस्तीचं काम तेवढंच: बघणं, तपासणं, फोन करणं, ऊब देणं, पोचवणं. बहुतेक पशुवैद्य आणून दिलेल्या जखमी वन्यप्राण्याला तपासायचे पैसे घेत नाहीत, त्यामुळे खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहू नये.

गटात कोण काय करणार

पाच-सहा जण पुरतात. दोघांकडे गाडीतलं साहित्य. एक जण फोनवर बोलणारा, इंग्रजीत पत्ता नीट सांगू शकणारा आणि रात्री फोन उचलणारा. एक जण नोंदवही सांभाळणारा. आणि एखादा असा, ज्याच्या घरात कुत्रा-मांजर नाही आणि एक खोली तासभर बंद ठेवता येते. मांजराचा मुद्दा विशेष लक्षात ठेवा. मांजराच्या विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मोसिस कांगारूच्या पिल्लांना मारतो. मांजर ज्या रजईवर झोपतं ती रजईही वापरायची नाही.

वन्यप्राणी बचाव संस्थांचे फोन नंबर आधीच साठवून ठेवा. व्हिक्टोरियात वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया: ०३ ८४०० ७३००. न्यू साउथ वेल्समध्ये वायर्स: १३०० ०९४ ७३७. क्वीन्सलँडमध्ये आरएसपीसीए: १३०० २६४ ६२५. पश्चिम ऑस्ट्रेलियात वाइल्डकेअर: ०८ ९४७४ ९०५५. कॅनबेरात ॲक्सेस कॅनबेरा: १३ २२ ८१, तिथून रेंजर येतो. रात्री दोन वाजता रस्त्याकडेला उभं राहून हे शोधत बसू नये.

गाडीतली पेटी

उशीचे दोन-तीन जुने सुती अभ्रे, एक जाड टॉवेल, एक लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, कपाळावर बांधायची बॅटरी, रबरी हातमोजे आणि मास्क, बोथट टोकाची कात्री, चार-पाच सेफ्टी पिना, चकाकतं जॅकेट, गरम पाण्याची रबरी पिशवी, पाण्याचा थर्मास, स्प्रे पेंटचा डबा आणि मत्स्यटाकीत लावतात तसला लांब वायरचा स्वस्त डिजिटल थर्मामीटर. सगळं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. परतीच्या वाटेवर पिल्लू त्याच खोक्यात बसतं.

हातमोजे-मास्कची टंगळमंगळ करू नका. कांगारूंपासून माणसाला क्यू ज्वर होऊ शकतो. त्याचे जंतू जनावराच्या मूत्रात, रक्तात आणि त्यांच्या वाळलेल्या धुळीतही टिकतात. ऑस्ट्रेलियात त्यावर लस मिळते, पंधरा वर्षांवरच्यांना. आधी त्वचेची आणि रक्ताची चाचणी करतात, कारण पूर्वी संसर्ग होऊन गेलेल्याला लस दिली तर तीव्र प्रतिक्रिया येते. नेहमी हे काम करणाऱ्यांनी ती घ्यावीच.

थांबल्यावर

ताशी शंभरच्या रस्त्यावर मेलेल्या कांगारूपेक्षा जिवंत माणसाला धोका जास्त. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, चारही दिवे लुकलुकते ठेवा, जॅकेट घाला, एकाने फक्त वाहतुकीकडे बघावं. फ्रीवेवर थांबूच नका. ठिकाण नीट नोंदवून पुढच्या बाहेरच्या रस्त्यावरून फोन करा.

जनावर खरंच मेलंय का, हे आधी ठरवा. पाठीच्या बाजूने जा, पायांच्या बाजूने कधीच नाही. लांब काठीने डोळ्याच्या कडेला हळूच स्पर्श करा. पापणी हलली तर मागे फिरा आणि फोन करा. मोठा करडा नर साठ किलोंच्या पुढे जातो, तांबडा ऐंशीच्याही पुढे. तो शेपटीवर भार देऊन दोन्ही पायांनी लाथ मारतो, आणि नखं पोट फाडण्याइतकी दणकट असतात. मरणासन्न जनावराची शेवटची लाथही तितकीच जोरकस असते.

मेलेलं असेल तर नर की मादी ते बघा. नराला पिशवी नसते. मादीची पिशवी पोटावर, वर तोंड असलेली. पिशवीचं तोंड स्नायूंनी आवळलेलं असतं, म्हणून घाईने ओढू नका. दोन बोटं आत सरकवून हळूहळू सैल करा आणि बॅटरी मारून आधी बघा. आत चार सडं असतात. इथे खरी माहिती मिळते. एखादं सड लांबलचक ताणलेलं आणि ओलसर दिसलं, पण आत पिल्लू नाही, तर समजा की पिल्लू पिशवीबाहेर पडण्याच्या वयाचं आहे आणि जवळपासच कुठेतरी झुडपात दडून बसलंय. आणि एका सडाला केस नसलेलं चिमुकलं पिल्लू चिकटलेलं असताना दुसरं सड लांब असेल, तर दोन पिल्लं शोधायची आहेत. कांगारूची मादी एकाच वेळी दोन वयांच्या पिल्लांना दोन सडांतून दोन वेगळ्या प्रकारचं दूध पाजते.

पिल्लू सुटं असेल तर तळहात खाली घालून उचला. सडाला चिकटलेलं असेल तर ओढायचं नाही, हा सगळ्या कामातला सर्वात महत्त्वाचा नियम. लहान वयात सड तोंडात फुगून बसलेलं असतं. ओढलं तर जबडा आणि टाळू फाटतात, आणि असं पिल्लू पुढे दूध ओढू शकत नाही. कात्रीने सड आईच्या अंगालगत कापा, म्हणजे लांब तुकडा पिल्लाच्या तोंडात राहील. त्या तुकड्याचं मोकळं टोक सेफ्टी पिनेने अभ्र्याच्या आतल्या कापडाला टाचा. टाचलं नाही तर पिल्लू ते गिळून गुदमरतं. ही पिन लावायला लोक हमखास विसरतात.

बाहेर दडलेल्या मोठ्या पिल्लाच्या मागे धावू नका. एकाने लांब उभं राहून फक्त नजर ठेवावी आणि प्रशिक्षित माणूस येईपर्यंत जागा सोडू नये. आईचं शरीरही तोवर तिथेच, पण रस्त्यापासून दूर राहू द्या, पिल्लू तिच्याकडे परत येतं. बाकी वेळी, वाहतूक परवानगी देत असेल तर, मेलेलं जनावर शेपटी धरून रस्त्यापासून चांगलं लांब ओढा. मांस खायला उतरलेले गरुड नंतरच्या गाडीखाली सापडतात. शेवटी अंगावर स्प्रे पेंटने मोठी फुली मारा. फुली म्हणजे पिशवी तपासली, दुसऱ्याने थांबायची गरज नाही.

ऊब, अंधार, शांतता

पिल्लाला अभ्र्यात डोकं आधी घाला, ते आत स्वतःच कोलांटी घेऊन वळतं. अभ्रा स्वेटरमध्ये, स्वेटर खोक्यात, आणि तोंड सैलसर बंद. अभ्रा उलटा करून वापरा, शिवण बाहेर राहिली पाहिजे. सुटे दोरे पिल्लाच्या बोटाभोवती आवळून रक्तपुरवठा तोडतात.

गरम पाण्याच्या पिशवीत उकळतं पाणी भरू नका. हाताला सोसेल इतकंच, वर टॉवेलचे दोन वेढे, आणि ती स्वेटरच्या बाहेरून एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं तर पिल्लू सरकू शकेल. केस नसलेल्या पिल्लाला ३२ ते ३४ अंश सेल्सिअस लागतं, मऊ केस आलेल्याला साधारण २८. थर्मामीटरचं टोक अभ्रा आणि स्वेटर यांच्या मध्ये. केस नसलेलं पिल्लू स्वतःचं तापमान राखू शकत नाही, त्यामुळे थंडीने मरतं तसं उष्णतेनेही मरतं. तळपत्या गाडीत हीटरसमोर ठेवलेली पिल्लं याच चुकीने जातात.

खायला-प्यायला काहीही द्यायचं नाही. इथे आपल्यातल्या आजी-आजोबांचा जीव तुटतो, चमचाभर दूध तरी पाजा म्हणतात. गार पडलेल्या पिल्लाला पचत नाही, आणि तोंडात ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं. गाईचं दूध तर विषच समजा. त्यातली साखर कांगारूला पचत नाही, जुलाब लागतात आणि डोळ्यांत मोतीबिंदू होतो. संगोपक वॉम्बारू किंवा बायोलॅकसारखी कांगारूंसाठीचीच दूध पावडर वापरतात. वॉम्बारूच्या डब्यांवर ०.४, ०.६ असे आकडे असतात. पिशवीतल्या आयुष्याचा किती भाग संपला, त्यावरून दूध बदलतात. ते गणित त्यांचं, आपलं नाही.

गाडीत रेडिओ बंद, गप्पा बंद, कुत्रा दुसऱ्या गाडीत. मुलांना हातात धरायला देऊ नका, फोटोसाठी अभ्रा उघडू नका. हे कडक वाटेल, पण कांगारू ताणाने मरतो. घाबरून धडपडताना स्नायू फुटतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी करतात, आणि जनावर त्याच रात्री किंवा आठवड्याने कोसळतं. वरून धडधाकट दिसणारं पिल्लू दहा जणांच्या हातातून फिरलं म्हणून गेलं, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

फोनवर चार गोष्टी विचारतील, त्या उचलतानाच बघून ठेवा. डोळे उघडे की मिटलेले? कान डोक्याला चिकटलेले की उभे? अंगावर केस आहेत का? सडाला चिकटलेलं होतं का? यावरून वयाचा अंदाज येतो. करडा कांगारू जन्मतो तेव्हा वजन एक ग्रॅमच्याही आत असतं आणि पिशवी कायमची सोडतो अकराव्या महिन्याच्या आसपास. संगोपक अशी पिल्लं एकेकटी वाढवत नाहीत, दोन-चार एकत्र करून कळप बनवतात आणि दीड वर्षाच्या सुमारास रानात सोडतात. म्हणून तुमचं पिल्लू पन्नास किलोमीटरवरच्या दुसऱ्या संगोपकाकडे गेलं तर नाराज होऊ नका, सोबत्यासाठीच पाठवलेलं असतं.

जिवंत जखमी मोठा कांगारू

याला हात लावायचा नाही. पंधरा-वीस मीटर लांब उभे राहा, बघे पांगवा, कुत्रे आवरा. जागा सांगताना रस्त्याचं नाव पुरत नाही. कोणत्या दिशेची मार्गिका, जवळचा चौक कोणता, नकाशावरची खूण कुठे, हे सांगा आणि कोणीतरी येईपर्यंत थांबा. ठिकाण सांगून लोक निघून जातात आणि रात्री स्वयंसेवक तासभर गवतात शोधत बसतो. बेशुद्धीचं इंजेक्शन बंदुकीने मारणारी माणसं थोडी असतात आणि लांबून येतात. आणि हेही माहीत असू द्या, मोठ्या कांगारूचा मागचा पाय मोडला तर तो बहुतेक वेळा जोडता येत नाही, येणारा माणूस जनावराला वेदनेतून सोडवतो. गटात लहान मुलं असतील तर त्यांना आधीच घरी पाठवा.

थरथरणारा, मान हलवणारा, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाणारा कांगारू दिसला तर ती गाडीची धडक नसेलही. व्हिक्टोरियात भूमध्य सागराच्या भागातून चराईसाठी आणलेलं फॅलॅरिस नावाचं गवत माजलं आहे. ते बराच काळ खाल्ल्याने मज्जासंस्था कायमची बिघडते, त्यावर इलाज नाही. अशा जनावराचा व्हिडिओ काढून बचाव संस्थेला पाठवा. मेंदूचा बिघाड पाच मिनिटांच्या चित्रणात फोनवरच्या वर्णनापेक्षा लवकर ओळखू येतो.

कुंपणं

वस्तीला लागून शेती असेल तर कुंपणं सुधारण्याच्या कामाचा उपयोग पिशव्या तपासण्याइतकाच मोठा आहे, फक्त त्याचं कौतुक होत नाही. कांगारू उडी मारताना मागचा पाय वरच्या दोन तारांमध्ये जातो, वजनाने तारा पिळल्या जातात आणि जनावर उलटं लटकतं. अशा वेळी पटकन तार तोडून सोडून देणं ही सर्वात सहज होणारी चूक. रक्तपुरवठा तुटलेला पाय आणि फुटलेले स्नायू घेऊन ते पळतं आणि आठवड्याभरात कुठेतरी मरतं. डोक्यावर टॉवेल टाकून डोळे झाका, शक्य असेल तर धडाचा भार पेला आणि बचाव संस्थेची वाट बघा. शिवाय ताणलेली तार तुटताना चाबकासारखी उसळते, ती तोडणाऱ्याचा डोळाही घेऊ शकते.

अपघात होण्याआधी करायचं ते असं. मालकाची परवानगी घ्या. वरची काटेरी तार काढून साधी लावा. तेवढा खर्च नको असेल तर ठिबकच्या जुन्या नळीला उभी चीर देऊन ती काटेरी तारेवर चढवा. वर पांढरी, ठळक दिसणारी तार ताणली तर अंधारातही कुंपण दिसतं. गुरांचं कुंपण असेल तर सर्वात खालची तार जमिनीपासून ३० ते ५० सेंटीमीटर वर घ्या. कांगारू उडी मारण्यापेक्षा खालून सरपटणं पसंत करतो, आणि आई उडी मारून पलीकडे गेल्यावर पिल्लू अलीकडे अडकत नाही. मेंढ्यांच्या जाळीदार कुंपणात हे जमत नाही, तिथे वापरात नसलेली फाटकं उघडी ठेवता येतील का, याचा विचार करा. बेवारस जुन्या तारा काढताना आधी कोपऱ्याच्या खांबावरचा ताण सैल करा, मग कापा. चामडी हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल हवाच.

पोळी घालू नका

गाईला, कावळ्याला घास घालायची आपली सवय. तीच माया इथे उलटते. ब्रेड, पोळी, बिस्किटं यांनी कांगारूच्या हिरड्यांना जखमा होतात, जंतू जबड्याच्या हाडात शिरतात आणि गाल गाठीसारखा सुजतो. मग त्याला चावता येत नाही, तो उपाशी मरतो. शिवाय हातातून खायला शिकलेला नर हात रिकामा दिसला की अंगावर येतो. न्यू साउथ वेल्समधल्या मॉरिसेट रुग्णालयाच्या आवारात पर्यटकांनी गाजरं आणि फास्ट फूड खिलवलेल्या कळपाने २०१८च्या सुमारास लोकांना ओरबाडून जखमी केलं होतं. उन्हाळ्यात पाणी ठेवायचं असेल तर रस्त्यापासून लांब, सावलीत, उथळ आणि जड भांड्यात. आत एक दगड ठेवा, म्हणजे पडलेला लहान जीव वर चढेल. पाणी रोज बदला.

आवाजाने कांगारू पळवणाऱ्या, गाडीला लावायच्या उपकरणांवर पैसे घालवू नका. मेलबर्न विद्यापीठातल्या चाचण्यांत कांगारूंवर त्यांचा परिणाम दिसला नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला वेग ताशी वीस किलोमीटरने कमी केला तर जास्त जनावरं वाचतात. एक कांगारू रस्ता ओलांडून गेला की लगेच वेग वाढवू नका, मागे कळप असतो. समोर आलाच तर सरळ ब्रेक लावा, गाडी वळवू नका.

ज्यांना रात्री बाहेर पडणं जमत नाही त्यांनी संगोपक पिल्लं ठेवतात त्या कापडी पिशव्यांची आतली सुती अस्तरं शिवावीत. पण आधी स्थानिक संगोपकाला माप आणि संख्या विचारा. २०१९-२०च्या वणव्यांनंतर जगभरातून एवढ्या पिशव्या आल्या की घेणाऱ्यांना ठेवायला जागा उरली नाही. मळखाऊ रंगाचं, शंभर टक्के सुती किंवा फ्लॅनेल कापड, शिवण दुहेरी आणि बाहेर, नाडी-बटण-लेस काही नको.

नवी वसाहत उभी राहताना

चारी बाजूंनी रस्ते आणि घरं झाली की मधल्या माळावरचा कळप कोंडला जातो. मग एकेक करून गाडीखाली येतो किंवा उपासमारीत झिजतो. मेलबर्नच्या उत्तरेला व्हिटलसी नगरपालिका अशा ठिकाणी विकासकाकडून कांगारू व्यवस्थापन आराखडा मागते. नियोजनाची सूचना लागली की मुदतीत लेखी म्हणणं द्या आणि भावनिक मजकुराऐवजी चार प्रश्न विचारा. बांधकाम कोणत्या टोकापासून सुरू होणार, म्हणजे कळप मोकळ्या रानाकडे सरकेल की रस्त्याकडे? तात्पुरती कुंपणं कुठे? मोजणी कोण आणि किती वेळा करणार? उरलेल्या जनावरांचं काय?

या प्रश्नांना वजन येतं ते तुमच्या आकड्यांमुळे. महिन्यातून एकदा, सूर्यास्ताच्या आधी तासभर, त्याच वाटेने, त्याच दोघांनी कळप मोजा. नर, माद्या, पिशवी जड दिसणाऱ्या माद्या, लंगडणारे, असे रकाने करा आणि फोटो काढा. फुली मारलेल्या प्रत्येक मृत जनावराची तारीख, वेळ, लिंग आणि नकाशावरची जागा त्याच वहीत लिहा. वर्षभरात दोन-तीन वळणं ठळक उमटतात. धोक्याची पाटी, वेगमर्यादा किंवा कडेचं उंच गवत कापण्याची मागणी त्या वळणांपुरतीच करा.

राज्य सरकारच्या परवान्याने कांगारू मारणं कायदेशीर असतं, व्हिक्टोरियात तर २०१९पासून व्यावसायिक शिकारीलाही परवानगी आहे. हे पटो न पटो, बंदूकधारी माणसाशी रात्री वाद घालायला जाऊ नका. घरांजवळ गोळीबार, अर्धमेली सोडलेली जनावरं, मुद्दाम गाडी अंगावर घालणं असं काही दिसलं, तर गाडीचा नंबर आणि वेळ टिपून क्राइम स्टॉपर्सला १८०० ३३३ ००० वर कळवा. नाव न सांगताही तक्रार घेतात.